विगार म्हणतात "ज्याला देव हवा तो इगर्जेत येईल", मग चर्चने ऑनलाइन यायचं की नाही?

वसईची_बार्देसकरीण

नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, लग्न होऊन उत्तर गोव्यातल्या बार्देसात आले त्याला अकरा वर्षं झाली. इथल्या इगर्जेला मी अजून चर्चच म्हणते आणि शेर्मांवला प्रवचन, सासूबाई हसतात, पण असो. यंदा मला आमच्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे चर्चच्या कारभार समितीवर घेतलंय, बहुतेक कोणीच तयार नव्हतं म्हणून.

तर परवाच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं की फादर, आपलं काहीतरी ऑनलाइन पाहिजे, फेसबुक पेज म्हणा, व्हॉट्सॲप चॅनल म्हणा, काहीही. आमचे विगार, म्हणजे चर्चचे मुख्य पाद्री, पासष्टच्या पुढचे, बटणांचा फोन, अख्खा गाव पायी फिरतात, माणूस म्हणजे सोनं. ते हसले आणि म्हणाले, "ज्याला देव हवा तो इगर्जेत येईल, ज्याला फोन हवा तो दुकानात जाईल." सगळे हसले, विषय संपला. पुढचा विषय फेस्ताच्या, म्हणजे इगर्जेच्या सणाच्या मांडवाचा, त्यावर मात्र पाऊण तास.

मला तो टोमणा लागला नाही, पण डिसेंबरातली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. रविवारी सातची मिस्सा (प्रार्थनाविधी) संपून लोक पांगलेले, इगर्जेची देखभाल करणारा सांक्रिस्तांव दार लावत होता आणि मी फुलं आवरत होते, तेवढ्यात पुण्याच्या नंबरची गाडी आली. नवरा-बायको आणि त्यांची म्हातारी आई, आई काठापदराची साडी नेसून तयार होऊन आलेली. गूगलवर आमच्या चर्चची मिस्सा आठची दाखवतात म्हणे. कोणी टाकलंय, कधी टाकलंय, कोणाला माहीत नाही, आणि आमच्या इथे आठला मिस्सा कधी नव्हतीच. आजी काही बोलल्या नाहीत, बंद दारासमोरच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी रोझरी काढली. त्या देव शोधतच आल्या होत्या ना? इगर्जेपर्यंत आल्याही होत्या.

तर प्रश्न असा की फादरांना पटवायचं कसं. आणि दुसरा, जो मला स्वतःलाही नीट कळलेला नाही, की पाद्री माणसाने तिथे येऊन नेमकं करायचं काय. रील बनवणारे फादर मलाही नकोत हे आधीच सांगते.

फोंड्याचो_मास्तर

बाय, मी हिंदू, निवृत्त शिक्षक, तुमच्या इगर्जेच्या कारभारात मी नाक खुपसणं बरं नव्हे, पण तुमच्या विगारांच्या वाक्याला उत्तर चारशे वर्षांपूर्वी गोव्यातच दिलं गेलंय आणि तेही मराठीत, म्हणून राहवत नाही.

आधी एक गंमत. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, जेझुइट पाद्रींबरोबर, पण तो गोव्यासाठी निघालेलाच नव्हता, तो जायचा होता ॲबिसिनियाला म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत इथे थांबला तो थांबलाच, आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात छपाई सुरू झाली. म्हणजे त्या वेळचं सगळ्यात नवं यंत्र अख्ख्या हिंदुस्थानात पहिल्यांदा कोणाच्या हातात पडलं तर पाद्रींच्या. त्यांनी काही "ज्याला वाचायचं तो हस्तलिखित वाचील" असं म्हणून ते परत पाठवलं नाही.

आता मुद्द्याचं. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला त्यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीत ओवी लिहिली आणि छापली रोमी अक्षरांत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. त्या पुराणात एक प्रसंग आहे, मी शाळेत मुलांना तो नेहमी सांगायचो. बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की बाबा, तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, ठीक, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हाला का करून देत नाही?

हा प्रश्न विचारणारा माणूस इगर्जेत येत होताच, बाय. येणं-न येणं हा त्याचा प्रश्नच नव्हता. घरी गेल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर, कानाला जी सवय होती ती रिकामी पडली होती. आणि स्टीफन्स पाद्री असं नाही म्हणाले की लॅटिनात मिस्सा चालू आहे, ये आणि ऐक. त्यांनी लोकांच्या कानाला ओळखीची ओवी उचलली.

आता ज्या चर्चच्या राजवटीत आमच्या पूर्वजांच्या पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या, देवळं मोडली, देव रातोरात जुवारी नदीपलीकडे फोंड्याला न्यावे लागले, त्याच चर्चच्या एका पाद्रीने हे केलं. दोन्ही लक्षात ठेवूनच लिहितोय, त्यामुळे कोणी मला एका बाजूला ढकलू नये. आणि "क्रिस्तपुराण म्हणजे त्या काळचं यूट्यूब" असलं काही मी म्हणणार नाही, तसली वाक्यं ऐकून कान किटले.

लाईव्हवाला_म्हापसा

मास्तर भारी. ताई मी तुम्हाला धंद्यातलं सांगतो, माझा म्हापशाला फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, लग्नं, बारशी, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत सगळ्यात जास्त काय वाढलं तर इगर्जेतल्या मयतांचं लाईव्ह. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झालं ते थांबलंच नाही, कारण लॉकडाऊन उठला तरी पोरं परदेशातच आहेत ना.

एक सांगतो, नावगाव नाही सांगत. रात्री साडेनऊला फोन, आई गेली, उद्या चारला मयत, एक मुलगा इंग्लंडात स्विंडनला, मुलगी कुवेतला आणि धाकटा तारवटी, बोटीवर. लाईव्ह पाहिजे. मी म्हटलं इगर्जेचा चॅनल आहे का, नाही. मग त्यांच्या नावाने नवीन चॅनल उघडायला घेतला तर यूट्यूबचा नियम असा की पहिल्यांदा लाईव्ह चालू करायचं म्हटलं की चोवीस तासांपर्यंत थांबायला लागतं, आणि मोबाईलवरून करायचं तर पन्नास सबस्क्रायबर पण पाहिजेत. मयत चोवीस तास थांबणार का? शेवटी माझ्या स्टुडिओच्या चॅनलवर टाकलं. त्या चॅनलवर बाकी काय, तर हळदीचे डान्स आणि डीजे. पेटी खाली सोडली, शेवटचा अबे मारी झाला, मी लाईव्ह बंद केलं, आणि स्विंडनला टीव्हीवर लावून बसले होते त्यांच्याकडे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, कळंगुटच्या हळदीचा. मला त्या मुलाने नंतर सांगितलं, रागावून नाही, शांतपणे. मला त्या दिवशी पैसे घ्यायला लाज वाटली.

बोटीवरच्या धाकट्याला लाईव्ह दिसलंच नाही, बोटीवर नेट विकत घ्यायला लागतं आणि ते पण रखडतं. दोन दिवसांनी बंदर लागलं तेव्हा त्याने रेकॉर्डिंग बघितलं असणार, कारण मला मेसेज आला, फक्त एवढाच, "माती टाकतात ते कितव्या मिनिटाला आहे?" मी बघून सांगितलं, एक तास सात मिनिटं.

म्हणून म्हणतो, इगर्जेने स्वतःचा चॅनल आधीच उघडून ठेवायला पाहिजे, त्यावर दुसरं काही टाकू नका एक वेळ, पण गरज पडेल तेव्हा तो तयार पाहिजे. कॉमेंट्स बंद. फोन स्टँडवर, पाद्रीच्या माइकची वायर मिक्सरमधून थेट फोनला, नाहीतर पंख्याचा आवाज सगळ्यात मोठा ऐकू येतो. आणि मध्ये रेकॉर्ड केलेली भजनं लावू नका, कॉपीराइटमध्ये पकडून आवाज घालवतात. क्वायर जे गातो ते बस.

नाना_वास्को

मी सावंतवाडीचा, पंचवीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं, आता मुलाकडे वास्कोला असतो. ताई, मी तुमच्या विगारांच्या बाजूने आहे, कोणीतरी असायला पाहिजे.

मिस्सेत हल्ली हात जोडलेले कमी आणि फोन धरलेले जास्त. कम्युनियनची पवित्र भाकर घेताना पोराचा फोटो काढायला बाप वेदीपर्यंत जातो. याच्यावर आता पाद्रीच्या हातातही फोन द्यायचा? पाद्रीच्या दिवसाचे तास चोवीसच, त्यातला एक तास फेसबुकवर गेला तर तो कोणाच्या तरी आजारपणातून कापला जाणार. माझी मिसेस सहा महिने अंथरुणावर होती तेव्हा आमचे त्या वेळचे फादर अकरा वेळा घरी आले, मी मोजलंय. येऊन फार बोलायचे पण नाहीत, खुर्ची ओढून बसायचे, चहा घ्यायचे नाहीत कारण मला करायला लागेल म्हणून. ते ऑनलाइन होते की नव्हते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं पण नाही.

दुसरं म्हणजे तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला की आग. आठवा २०१८ चा जून. आपल्या आर्चबिशपांचं भाविकांना वर्षाचं पत्र, पास्टरल लेटर, पानंच्या पानं, मूळ विषय गरिबांचा. त्यातली राज्यघटनेबद्दलची एक ओळ दिल्लीच्या चॅनलांनी उचलली आणि आठवडाभर तेच. गरीब राहिले बाजूला. शांत बसलेलं काय वाईट?

वसईची_बार्देसकरीण

नाना, तुमच्या मिसेसचं वाचून गलबलून आलं. आमचे फादर पण तसेच आहेत म्हणून तर त्यांच्याशी वाद घालायचं जिवावर येतं.

पण शांत बसण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, आता लिहिते. फेब्रुवारीत आमच्या वाड्यावरच्या एका आंटींना व्हॉट्सॲपवर मेसेज आला, फोटो आमच्या विगारांचा, नाव विगारांचं, इंग्लिश अगदी गोड, "मी मीटिंगमध्ये आहे फोन करू नका, एका पेशंटला तातडीने मदत पाहिजे, रात्री परत देतो." आंटींनी सात हजार पाठवले. नंतर अजून मागितले तेव्हा त्या बिचाऱ्या पैसे पाकिटात घालून थेट फादरांच्या घरी गेल्या, फोनवरून जमत नव्हतं म्हणून. फादर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांना काही कळेच ना.

माझ्या नवऱ्याने सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन लावून तक्रार नोंदवली, पैसे काही मिळाले नाहीत अजून. तो फोटो कुठून आला म्हणाल तर मागच्या फेस्ताचा, कोणीतरी फेसबुकवर टाकलेला, फादर पालखीमागे चालतायत तो, त्यातून फक्त चेहरा कापून घेतलेला. म्हणजे बघा, आमचे फादर फोनवर नाहीत, पण आमच्या फादरांचा चेहरा फोनवर आहे आणि तो पैसे मागत फिरतोय. खरे फादर तिथे असते, एक ठरलेली जागा असती, तर आंटींनी निदान तिथे जाऊन बघितलं असतं की असं काही आहे का.

हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही कारण आंटी समोर बसल्या होत्या.

डिचोलीचा_महाजन

आमच्या देवस्थानची पण सेम कथा हो. देवस्थानच्या नावाने कोणीतरी पेज काढलं, वर देवीचा फोटो, खाली अभिषेकाला क्यूआर कोड. आम्ही कमिटीवाले दोन महिने "आपल्याला काय करायचंय त्या फेसबुकशी" म्हणून बसलो होतो आणि मुंबईचे कुळावी, म्हणजे ज्यांची ती कुळदेवी ते भक्त, त्याच्यावर पैसे भरत होते. धर्म कुठला पण असूदे, चोर एकच.

घाटमाथ्याखालचा_पाद्री

मी स्वतः धर्मगुरू आहे, सिंधुदुर्गच्या बाजूला, मराठीत मिस्सा करतो, आणि इथे नाव न सांगता लिहितोय याची जरा लाज वाटतेय, विषयच तो असल्यामुळे. नानांच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, वाद म्हणून नाही.

आधी हे सांगतो की हा तुमच्या पॅरिश कौन्सिलच्या तरुणांचा हट्ट नाहीये. दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या परिषदेने, ४ डिसेंबर १९६३ ला प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र दस्तऐवजच काढला, तेव्हा टीव्ही आणि सिनेमा होता. त्याच्याही आधी १९३१ मध्ये व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला आणि तो उभारून दिला खुद्द मार्कोनीने. २००२ मध्ये इंटरनेटवर वेगळा दस्तऐवज आला आणि त्यात चर्चच्या नेत्यांना, म्हणजे बिशपपासून आमच्यापर्यंत, सरळ सांगितलंय की हे माध्यम समजून घ्या आणि शिका, तंत्रज्ञानाला भिऊन मागे राहणं चालायचं नाही. त्याच दस्तऐवजात, आणि हे नानांना आवडेल, असंही आहे की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. फोनवर कन्फेशन नाही. धडधाकट माणसाने सोफ्यावर बसून मिस्सा बघितली तर ती रविवारची मिस्सा झाली असं नाही. आजाऱ्याची गोष्ट वेगळी.

२०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या वर्षीच्या संदेशात खास पाद्रींनाच धरलं, ब्लॉग, व्हिडिओ, वेबसाइट सगळी नावं घेऊन. आणि मग १२ डिसेंबर २०१२ ला पहिलं ट्वीट केलं. पंच्याऐंशी वर्षांचे होते हो, ताई हे तुमच्या विगारांना नक्की सांगा. (जर्मनमध्ये ग्रंथ लिहिणारा, पियानो वाजवणारा माणूस, टॅबवर बोट टेकवतानाचा व्हिडिओ बघितला तर कळतं की त्यांना पण ते अवघडच जात होतं.) पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०२३ च्या मे महिन्यात, सोशल मीडियावर आणखी एक दस्तऐवज निघाला, त्याचा आधार बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेतल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या दाखल्यावर आहे. रस्त्यात जखमी पडलेला माणूस, आणि बाजूने निघून जाणारे दोघं कोण होते ते सगळ्यांना पाठ आहे, एक याजक आणि एक लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक. तो दाखला मी किमान तीस वेळा सांगितला असेल प्रवचनात, पण त्यातला याजक म्हणजे आपण, आणि रस्ता म्हणजे ज्या ठिकाणी आपण जात नाही तो, असं त्या दिवसापर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

आता २०१८ च्या पत्राचं. नाना, ते पत्र काही सोशल मीडियासाठी लिहिलेलं नव्हतं, दरवर्षी निघतं तसंच निघालं होतं. तरी ते फोनवर गेलंच. कागदावर लिहिलेलं कागदावर राहतं ही सोय आता कोणालाच नाही, तुमच्या विगारांच्या शेर्मांवला पण नाही, पहिल्या बाकावरचा कोणीतरी रेकॉर्ड करत असतो. मग ती एक ओळ फिरायला लागली की लोक पूर्ण मजकूर शोधतात, आणि तो त्यांना कोणाकडून मिळतो एवढंच आपल्या हातात आहे. आम्ही स्वतः साध्या भाषेत चार ओळींत सांगितलेलं नसेल तर टीव्हीवाला सांगणार, आणि त्याला घाई असते.

वेळेचं म्हणाल तर मी माझं सांगतो. दिवसाला वीस मिनिटं, दुपारी जेवणानंतर, कारण तेव्हा नाहीतरी झोपच येते. स्वतःचं अकाउंट नाही, फक्त धर्मग्रामाचं, आणि पासवर्ड माझ्याशिवाय दोघांकडे, कारण आमची बदली होते आणि पासवर्ड बदलीच्या सामानात हरवतो, हे मी अनुभवाने सांगतोय, आधीच्या ठिकाणचं पेज अजून माझ्या नावाने लटकलंय. पहिल्या कम्युनियनचे, मुलांचे फोटो आईवडिलांची लेखी परवानगी असल्याशिवाय नाही. २०२३ च्या डेटा कायद्यात तर अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय. कन्फेशनला बसलेल्या माणसाचा पाठमोरा फोटो पण नाही, मी बघितलेत तसले.

आणि एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. पेज सुरू केलं तेव्हा मला वाटलं लोक प्रार्थना मागतील. पहिल्या महिन्यात जे मेसेज आले त्यातले बरेचसे रात्री अकरानंतरचे, आणि लिहिणारे बहुतेक असे की जे चर्चमध्ये मला कधी दिसले नव्हते. एकाने फक्त लिहिलं, "फादर जागे आहात का." मी झोपलेलो होतो. सकाळी सहाला वाचलं, लगेच फोन केला, तो ठीक होता, देवाची कृपा. तेव्हापासून रात्री पेजवर आपोआप एक उत्तर जातं, त्यात माझा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जो चोवीस तास चालतो. तुमच्या विगारांना बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल, हे सांगा. ते गाव पायी फिरतात म्हणालात ना, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

फोंड्याचो_मास्तर

फादर, दंडवत. पहिल्यांदाच इथे कोणाच्या पोस्टला मी खरंच उठून पाणी पिऊन आलो.

नाना_वास्को

फादरांचं वाचलं. दोनदा वाचलं. पटलं असं म्हणत नाही, पण आता तुमच्या विगारांच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही उरलं नाही.

फक्त दोन गोष्टी. एक, गोव्यात चर्चचं सगळं रोमीत, म्हणजे रोमन अक्षरांतल्या कोंकणीत येतं. आम्हा सावंतवाडीकडच्यांना, बेळगावकडच्यांना ते वाचता येत नाही, एक्स लिहिलेला असतो आणि श वाचायचा असतो, या वयात कोण शिकणार. नोटीस पाठवणार असाल तर फादरांना बोलून पाठवायला सांगा. कोंकणी ऐकली की कळते. दोन, त्या चॅनलवर खाली अंगठे नि बदाम टाकायची सोय असते ती बंद करून ठेवा. मयताच्या बातमीला लोक अंगठा दाखवतात.

वसईची_बार्देसकरीण

नाना, रोमीचं अगदी खरं, मला पहिलं वर्षभर सासूबाई वाचून दाखवायच्या. वसईला सगळं मराठीत, त्यामुळे मी इथे येऊन निरक्षरच झाले होते.

अपडेट देते. फादरांकडे एकटीच गेले, मीटिंगमध्ये विषय काढलाच नाही. आंटींना विचारून गेले होते, त्या म्हणाल्या सांग, माझं नाव घेऊन सांग. वरती पाद्री फादरांनी लिहिलेलं ते "जागे आहात का" वालं मी फोनवर वाचून दाखवलं. फादर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं की हा सिंधुदुर्गचा पाद्री कोण. मी म्हटलं माहीत नाही. मग म्हणाले, "मी रात्री नऊला फोन बंद करतो." तेवढंच. मी काही विचारलं नाही.

ठरलं ते असं. फेसबुक नाही, त्यावर ते ठाम आहेत. व्हॉट्सॲप चॅनल, ग्रुप नाही, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि गुड मॉर्निंगची फुलं सुरू होतात. रोज संध्याकाळी फादरांच्या आवाजात एक मिनिट, मिस्सेची वेळ, मयत असेल तर ते, कोणी आजारी असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना. आवाज त्यांचा, फोन माझा. अंगठे बंद केलेत नाना. यूट्यूबचा चॅनल पण उघडून ठेवलाय, रिकामा, आणि रविवारी मिस्सेनंतर लोकांना सबस्क्राइब करायला सांगणारे आमचे सांक्रिस्तांव बघण्यासारखे होते, पन्नासाच्या वर गेलेत.

पहिल्या रविवारी फादरांनी वेदीवरून सांगितलं की इगर्जेच्या नावाने कोणी पण पैसे मागितले तर देऊ नका, मी मागितले तरी देऊ नका, आणि फोनवर आलेला ओटीपीचा नंबर कोणालाही सांगू नका, अगदी मला पण नाही. तीनदा सांगितलं.

आता राहिलं ते गूगलवरचं आठ वाजताचं. लाईव्हवाले दादा, ते कसं करायचं?

लाईव्हवाला_म्हापसा

मॅपवर इगर्ज उघडा, खाली "हा व्यवसाय तुमचा आहे का" असं काहीतरी येतं तिथून क्लेम करा. मग ते खात्री करायला कधी फोन करून कोड सांगतात, कधी बाहेरून आतून व्हिडिओ काढून मागतात. इगर्जेचा लँडलाइन तिथे टाकलेला असेल तर त्याच्यावरच फोन येईल, कोणाला तरी बसवून ठेवा. व्यवसाय म्हणतात म्हणून फादरांना राग येऊ देऊ नका.

वसईची_बार्देसकरीण

आला फोन. आज दुपारी, फादर सिक-कॉलला, आजाऱ्याला भेटायला गेले होते, मी बँकेत. घरी रांधणाऱ्या मावशींनी उचलला. मशीनवरची बाई इंग्लिशमध्ये नंबर सांगायला लागली तेव्हा मावशींनी तिला रविवारचं सगळं शेर्मांव ऐकवलं आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळी फादरांना अभिमानाने सांगत होत्या.

उद्या परत क्लेम करते.